शेताशेजारचं कॉलेज: कृषी महाविद्यालयं आणि कृषी पदव्यांविषयी सातारा-सांगलीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाळवा तालुक्यात आमची उसाची रोपवाटिका आहे. मी कृषी पदवीधर आहे हे आसपासच्या गावांत ठाऊक असल्यामुळं बारावीचा निकाल लागला की रोपांच्या भावाबरोबर मुलांच्या प्रवेशाचीही चौकशी सुरू होते. कोणी कडेगावचं विचारतं, कोणी कराडचं, कोणी "ताई, ही ॲग्री म्हणजे नेमकं काय?" इथपासून सुरुवात करतं. गेल्या काही वर्षांत जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, ते सगळं इथं एकत्र लिहून ठेवलं आहे. इतिहासाचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण आजच्या पदवीतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथं सापडतं.

शेती शिकवायचं कॉलेज ही कल्पना आपल्याकडे कधी आली?

महाराष्ट्रात शेतीचे पहिले वर्ग १८७९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात सुरू झाले. म्हणजे आज जिथं अभियंते घडतात, त्या संस्थेची एक शाखा म्हणून. १९०७ साली पुण्याचं कृषी महाविद्यालय स्वतंत्र झालं. विदर्भाच्या बाजूला नागपूरचं महाविद्यालयही त्याच सुमाराचं, १९०६ चं.

पण मला यात आपल्या मातीतला एक धागा फार मोलाचा वाटतो. १८८२ साली सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढं महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत वाचन, मोडी-बाळबोध लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही द्यावं, आणि प्रत्यक्ष शिकवण्यासाठी एक छोटं नमुन्याचं शेत असावं, अशी मागणी त्यांनी त्या निवेदनात केली. शाळा आणि तिच्या जोडीला शेत! पुण्यात शेतीचे वर्ग भरायला लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि तिथवर पोचणारी मुलं शेतकऱ्यांची फारशी नव्हतीच. कृषी महाविद्यालयाचं काही पाहायचं झालं की मी अजूनही ही मागणी आठवते. पुढंही एकदोनदा तिचा उल्लेख येईल.

पुण्याच्या कॉलेजचे सुरुवातीचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी दुसरी एक वाट पाडून दिली. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घर-न्-घर, रान-न्-रान पाहणी केली. १७७१ साली तिथं सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि तीही ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांत. प्राचार्यानं वर्गाबाहेर पडून गाव समजून घ्यायचं, हे आपल्याकडच्या कृषी शिक्षणात शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

सातारा-सांगलीची मुलं तेव्हा कुठं शिकायची?

बरीच वर्षं पुण्याला. त्या काळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. एवढ्या मोठ्या बागायती मुलखात कृषी पदवीचं कॉलेज नव्हतं. १९६० ला धुळ्याला आणि १९६३ ला कोल्हापूरला कृषी महाविद्यालय निघालं, तेव्हा आपल्या बाजूच्या मुलांना एसटीनं दोन-तीन तासांत पोचता येईल असं ठिकाण मिळालं. माझे मामा तिथं सुरुवातीच्या वर्षांत शिकले. घरून भाकरीचं गाठोडं एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे आणि मामा ते स्टँडवर जाऊन घ्यायचे. तीस वर्षांनी मीही त्याच कोल्हापूरला शिकले, फक्त भाकरीची जागा मेसनं घेतली होती.

पदवीचं कॉलेज नसलं तरी राबत शिकायची रीत मात्र इथलीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. 'कमवा आणि शिका' हे तिचं सूत्र. वसतिगृहातली पोरं शेतात काम करून आपल्या जेवणाचा भार उचलायची. इतिहासाच्या पुस्तकात याला कृषी शिक्षण म्हणत नाहीत, पण फुल्यांनी मागितलेल्या शेताच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते.

पुणे विद्यापीठ असताना वेगळं कृषी विद्यापीठ कशासाठी काढलं?

साध्या विद्यापीठाचं काम शिकवणं आणि परीक्षा घेणं. शेतीत एवढ्यानं भागत नाही. नवं वाण काढणारा एका खात्यात, शिकवणारा दुसऱ्या आणि शेतकऱ्याला सांगणारा तिसऱ्या खात्यात असला, तर पिकावर तांबेरा (बुरशीचा रोग) पडल्याची बातमी शास्त्रज्ञापर्यंत पोचायलाच एक हंगाम जातो. म्हणून शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एका छताखाली आणणारी विद्यापीठं उभी राहिली. हा नमुना अमेरिकेतला. तिथं १८६२ च्या कायद्यानं जमिनी देऊन अशी महाविद्यालयं काढली होती. भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला झालं.

महाराष्ट्रात १९६८ मध्ये राज्याचं एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी विदर्भासाठी अकोल्याचं वेगळं निघालं आणि १९७२ मध्ये दापोली व परभणीची. पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रासाठी राहुरीचं राहिलं. कटगुणच्या त्या माणसाचं नाव आज त्याच राहुरीच्या विद्यापीठाला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव असे दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. चारही विद्यापीठांत मेळ राहावा म्हणून पुण्याला कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे.

"आपल्याकडे कॉलेज नंतर आलं, संशोधन आधीच होतं" असं तुम्ही म्हणता. ते कुठं होतं?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण उत्तर आपल्या रोजच्या रानात आहे.

फलटण तालुक्यातलं पाडेगाव घ्या. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्याबरोबर रानं खारवटायलाही लागली. तिथं १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. को ७४० या जातीनं पुढं कित्येक वर्षं महाराष्ट्रातली रानं आणि गुऱ्हाळं भरली. त्यानंतरच्या को ८६०३२ चं मूळ कोइम्बतूरचं, पण महाराष्ट्रात तिला 'नीरा' हे नाव मिळालं. नावातल्या पहिल्या दोन आकड्यांवरून ती १९८६ सालच्या मालिकेतली असल्याचं कळतं. फुले २६५ ही पाडेगावची जात क्षारपड रानातही तग धरते, म्हणून कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. आमच्या रोपवाटिकेत रोज या नावांचा जप चालतो. बेणं मागायला आलेल्या कितीतरी जणांना ते नाव आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात ठरलं हे माहीत नसतं. सांगितलं की चेहरा खुलतो.

मिरज तालुक्यातलं कसबे डिग्रज हे दुसरं ठिकाण. सोयाबीनच्या पिशवीवर तुम्ही 'केडीएस' वाचलं असेल. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम, केडीएस ७५३ म्हणजे फुले किमया. मराठवाड्यातला शेतकरी फुले संगम पेरतो तेव्हा तो सांगलीजवळच्या एका गावाचं नाव रानात पेरत असतो. हळदीची 'फुले स्वरूपा' ही जातही इथलीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीच बेदाणा आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना ते मिळालं होतं, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर २०१० पासून त्या यादीत आहे.

महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम चालतं. तिथल्या थंड, दमट हवेत तांबेरा चांगला पोसतो, म्हणून नवं वाण त्याच्यापुढं टिकतं का हे तिथं पाहता येतं. पर्यटक वरून स्ट्रॉबेरी घेऊन उतरतात, गव्हाचे ते छोटे वाफे कोणाच्या नजरेला पडत नाहीत.

सगळं सरकारीच होतं असंही नाही. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्वतःची कृषी संशोधन संस्था काढली. करडईचं बिनकाटेरी वाण आणि 'नारी सुवर्णा' ही जुळी कोकरं देणारी मेंढी ही तिथली कामं. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणायला तिथं वर्षानुवर्षं खपावं लागलं. आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारांना कोणी पदवी दिली नव्हती, तरी 'तास-ए-गणेश' हे वाण त्यांच्याच बागेत निवडलं गेलं. नावातला 'तास' हा तासगावचाच.

आता आपल्या जिल्ह्यांत कोणती महाविद्यालयं आहेत?

कराडला राहुरी विद्यापीठाचं शासकीय कृषी महाविद्यालय आहे. कराडजवळच रेठरे बुद्रुकला कृष्णा कृषी महाविद्यालय, कडेगावला भारती विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आणि फलटणला उद्यानविद्येचं महाविद्यालय आहे. विनाअनुदानित महाविद्यालयं आणखीही आहेत. ती राहुरीशी संलग्न असतात, म्हणजे अभ्यासक्रम आणि पदवी राहुरीची असते. फीमध्ये शासकीय आणि विनाअनुदानित यांत मोठा फरक पडतो, तो अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

पशुवैद्यक व्हायचं असेल तर खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. ते आधी राहुरीच्या अखत्यारीत होतं. २००० साली नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ झालं तेव्हा तिकडं गेलं. त्याचा प्रवेश वैद्यकीयसारखा 'नीट' परीक्षेतून होतो आणि अभ्यासक्रम प्रत्यक्षकामासह साडेपाच वर्षांचा असतो.

कृषीच्या पदव्या कोणकोणत्या? बी.एस्सी. ॲग्री आणि बी.टेक. यांत फरक काय?

बी.एस्सी. कृषी हा मोठा रस्ता. त्यात पीक, माती, कीड-रोग, फळबाग, जनावरं, अर्थशास्त्र असं सगळं थोडं थोडं येतं. त्याच्या बाजूला उद्यानविद्या, वनविद्या, मत्स्यविज्ञान, सामुदायिक विज्ञान (पूर्वीचं गृहविज्ञान) आणि कृषी व्यवसाय व्यवस्थापन या पदव्या आहेत. कृषी अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या बी.टेक.च्या. पाण्याचे पंप, ठिबकची आखणी, ट्रॅक्टर-अवजारं यांची आवड असलेल्यांनी कृषी अभियांत्रिकी बघावी, तिला बारावीला गणित हवं. राहुरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे. अन्न तंत्रज्ञानासाठी परभणी, तर मासे आणि वनांसाठी दापोली विद्यापीठाकडं बघा. या सगळ्या चार वर्षांच्या पदव्या आहेत.

बी.एस्सी. कृषी नंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. तिथं एक विषय धरावा लागतो: कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, विस्तार असा. त्यापुढं पीएच.डी.

पदवीच्या नावात 'ऑनर्स' लिहिलेलं दिसतं. ती वेगळी पदवी का?

वेगळी नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीनं अभ्यासक्रम बदलला तेव्हा चार वर्षांच्या पदवीला 'ऑनर्स' जोडलं गेलं. वडिलांच्या वेळची बी.एस्सी. (कृषी) आणि आजची ऑनर्स हा एकाच वाटेचा आधीचा-नंतरचा भाग आहे.

२०२४-२५ पासून सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम आला आहे. त्यात पहिल्या वर्षानंतर ठरलेलं प्रत्यक्षकाम पुरं करून प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरची अडचण आली तर केलेली वर्षं वाया जात नाहीत, हा यातला खरा फायदा.

"२+१" असं विषयापुढं लिहितात, ते काय?

श्रेयांकांचा हिशेब. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, आणि दोन तासांचं एक प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. २+१ असेल तर आठवड्यात दोन तास वर्गात आणि दोन तास प्रयोगशाळेत नाहीतर रानात. चार वर्षांत आठ सत्रं असतात आणि निकाल दहाच्या मोजपट्टीवर लागतो. 'एक' हा आकडा लहान दिसतो म्हणून त्याच्याकडं दुर्लक्ष करू नका, शेती त्या आकड्यातच शिकायला मिळते.

कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणजे कोण?

पेपरात फोटो येतो: पांढरे कोट घातलेली मुलं, हातात माती परीक्षणाचं भित्तिपत्रक, मागं सरपंच उभे. सातव्या सत्रातला हा ग्रामीण कृषी जागरूकता व औद्योगिक संलग्नता कार्यक्रम. मुलं त्याला सरळ 'रावे' म्हणतात. विद्यार्थी एका गावात राहतात, यजमान शेतकऱ्याबरोबर काम करतात, गावाची पाहणी करतात, प्रात्यक्षिकं घेतात, आणि काही आठवडे एखाद्या कृषी उद्योगात काढतात. आठव्या सत्रात अनुभवातून शिक्षण असतं. रोपवाटिका, मधमाशीपालन, अळिंबी, दूधप्रक्रिया असा एखादा उद्योग मुलांनी स्वतः चालवायचा आणि नफा-तोटाही मांडायचा.

आम्ही कृषीकन्या म्हणून खानापूर तालुक्यातल्या एका गावात होतो. सहाजणी, एका शाळेच्या खोलीत. रब्बी ज्वारीवर काणी हा बुरशीचा रोग पडू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला किलोमागं ४ ग्रॅम गंधक चोळायचं, हे आमचं पहिलं प्रात्यक्षिक. आम्ही वेळापत्रकात तारीख टाकली, पाटीवर लिहिली, गावकऱ्यांना निरोप दिला. त्या दिवशी आले फक्त तिघं. बाकीचं गाव रानात. आदल्या रात्री पाऊस झाला होता, घात (पेरणीजोगी ओल) आली होती आणि सगळे पेरायला गेले होते. यजमानांच्या आईनं, त्यांना आम्ही आज्जी म्हणायचो, आम्हाला ओसरीवर बसवलं आणि म्हणाल्या, "पोरींनो, तुमचं गंधक चांगलंय. पण घात तीन दिवस असते गं. त्याच्या आदल्या सांजेला या, गाव सगळा घरी असतो."

पुढच्या वेळी आम्ही ढग बघून तारीख ठरवली. ओसरीवर सूप ठेवून घरोघरचं बियाणं चोळलं. आज्जींनी आपल्या बियाण्याला स्वतः गंधक लावलं आणि हात झटकत शेजारणीला हाक मारली. त्या वर्षी त्या आळीतलं बहुतेक बी आमच्यासमोर चोळून गेलं. विस्तारशास्त्राच्या पुस्तकात 'योग्य वेळ' असं एक प्रकरण असतं. मला ते आज्जींनी एका वाक्यात शिकवलं. म्हणून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते: रावेचे सहा महिने बुडवू नका. गावात राहा. दिवसभर जाऊन संध्याकाळी परत येण्यानं घात कळत नाही.

प्रवेश कसा होतो? सातबारा लागतो का?

बारावी विज्ञान आणि सीईटी. जीवशास्त्र गट किंवा गणित गट, दोन्हींतून बी.एस्सी. कृषीला अर्ज करता येतो. प्रवेश केंद्रीय पद्धतीनं, गुणवत्ता यादीवर होतात. घरी शेती असल्यास सातबाऱ्याच्या आधारे गुणवत्तेत अधिभार मिळतो. पण सातबारा नाही म्हणून वाट बंद होत नाही. शेतमजुराच्या मुलीनं हा प्रश्न विचारला की मी आधी हेच सांगते. अधिभाराचे नियम आणि कागद त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, मागच्या वर्षीच्या भावावर विसंबू नका. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची कागदपत्रं जूनमध्ये धावपळ न करता आधीच काढून ठेवा. देशभरातल्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागांसाठी वेगळी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आहे, तीही द्यावी.

दहावीनंतर शेतीचं काही शिकता येतं का?

येतं. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांत दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका असते. बारावी झालेल्या, घरचं काम सोडून वर्गात बसू न शकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात कृषीचे अभ्यासक्रम आहेत. यशवंतराव आपल्या देवराष्ट्र्याचे, कराडला वाढलेले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठानं शेतकऱ्याला घरबसल्या शिकायची सोय करावी हे समर्पकच आहे.

मुलगी शेतीचं शिकून काय करणार?

हे मला बहुतेक वेळा बापाकडून विचारलं जातं, आणि मुलगी शेजारी उभी असते. भांगलण, लागण, तोडणी, बी राखून ठेवणं, जनावरांची वैरण, हे घरोघरी बायका करत आल्या आहेत. बाईला शेतीतलं कळतं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, ती राबते तेव्हा. शिकायला निघाली की विचारतात. आमची रोपवाटिका मी चालवते, हिशेब मी ठेवते, आणि कोणत्या रानात कोणती जात लावायची हे विचारायला पुरुष शेतकरी येतात.

पैशाचीही सोय झाली आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. कृषी पदव्या त्यात येतात. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे, ती मुलांनाही आहे.

नोकरी कुठं मिळते?

राज्य लोकसेवा आयोगातून महाराष्ट्र कृषी सेवेत, बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी, नाबार्ड, बियाणं-खत कंपन्या, साखर कारखान्यांचा शेती विभाग, द्राक्ष-डाळिंब निर्यातदार, संशोधन केंद्रं. स्पर्धा कडक आहे, हे लपवत नाही. स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकायला औषध-खत विक्रीच्या परवान्यासाठी शिक्षणाची अट असते आणि ही पदवी तिथं कामाला येते. केंद्राच्या कृषी चिकित्सालय योजनेत प्रशिक्षण घेऊन कर्जावर अनुदानही मिळतं.

कॉलेज चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

प्रवेशाआधी एकदा जा आणि इमारत बघायच्या आधी त्यांचं शेत बघा. किती एकर आहे, पाण्याची सोय काय, विद्यार्थ्यांना वाटून दिलेले वाफे आहेत का, आत्ता कुठलं पीक उभं आहे, ते विचारा. मुलांना विचारा, "गेल्या आठवड्यात रानात किती वेळा गेलात?"

माझ्या नात्यातल्या एका मुलाला आम्ही एका संस्थेत घातलं होतं. इमारत छान, माहितीपत्रक रंगीत. पण प्रक्षेत्र म्हणून दाखवलेल्या तुकड्यावर गवत होतं, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलं मागच्या तुकडीच्या नोंदी उतरवून काढत. तो मुलगा चार वर्षांत नांगरटीला मागं उभा राहिला नाही. हुशार होता, आज बँकेच्या परीक्षा देतो, पण शेतकऱ्यासमोर उभं राहायला अजून बिचकतो. जी चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. फुल्यांनी शाळेला जे शेत मागितलं होतं, ते १४० वर्षांनी तरी कॉलेजला असायलाच हवं.

आमच्या मुलाला शेवटी घरची शेतीच करायची आहे. मग चार वर्षं कशाला घालवायची?

हा प्रश्न बरोबर आहे आणि याला एकच उत्तर नाही. नोकरी नको असेल आणि घरी जाणता माणूस असेल, तर दोन वर्षांची पदविकाही पुरेल. पण पदवीनं काय पडतं पदरात, ते एका उदाहरणानं सांगते.

आमच्या शेजारच्या शिवारात एकाचं दोन एकर रान क्षारपड झालं. पांढरा थर वर आला, उसाची उगवण निम्मी. दुकानदारानं जिप्सम सुचवलं. त्यांनी दोन वर्षं जिप्सम टाकलं, पैसे गेले, रान तसंच. त्यांची मुलगी तेव्हा कृषीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत आल्यावर तिनं मातीचा नमुना काढून परीक्षणाला पाठवला. अहवालात विद्युत वाहकता (यावरून मातीतले क्षार कळतात) ४ च्या वर आणि सामू (पीएच) साडेआठच्या खाली आला. म्हणजे रान क्षारयुक्त होतं, चोपण नव्हतं. जिप्सम चोपण जमिनीवरचा इलाज, तिथं सोडियम जास्त असतो. क्षारयुक्त रानाला हवा असतो निचरा आणि वरून गोडं पाणी, म्हणजे क्षार धुऊन खाली जातात.

तिनं वडिलांना बांधाकडेनं चर काढायला लावला. पुढं त्यांनी शेजाऱ्यांशी मिळून जमिनीखालून सच्छिद्र पाईपचा निचरा टाकला, कारण एकट्याच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातच जातं. हिरवळीचं खत म्हणून धैंचा पेरून गाडला. मग आमच्याकडून फुले २६५ ची रोपं नेली. यंदा त्या रानात खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) उभा आहे. ते अहवालाचा कागद अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात, आणि शिवारात कोणी जिप्समची गोणी घेऊन निघालं की आधी तो दाखवतात.